शिरोड्याचे मीठ, कवरत्तीचे पाणी

इन्सुलीवरून जाणारी तेरेखोल नदी आरोंद्याकडून किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. तिथून उत्तरेस, जवळच शिरोडे. साहित्याचा विद्यार्थी हे गाव वि. स. खांडेकरांमुळे ओळखतो, ते १९२० ते १९३८ येथे शिक्षक होते. इतिहासाचा विद्यार्थी ते मे १९३० मधील मिठाच्या सत्याग्रहामुळे ओळखतो. आम्हांला येथे समुद्रापासून ऊर्जा आणि पाणी मिळवण्याच्या, हल्ली ‘अभिनव’ म्हणवल्या जाणाऱ्या प्रयत्नांचाही धागा दिसतो.

मिठागर म्हणजे तरी काय? भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने आटू द्यायचे आणि उरलेले मीठ ओढायचे. पाणी चढवतो चंद्र, आटवतो सूर्य. इंधनाचा खर्च नाही.

त्याच १९३० साली जॉर्ज क्लोद हा फ्रेंच संशोधक क्यूबातील मातान्झासच्या किनाऱ्यावर निराळ्या खटपटीत होता. पृष्ठभागावरचे कोमट पाणी निर्वात पात्रात उकळवायचे, त्या वाफेवर जनित्र फिरवायचे आणि खोल समुद्रातून नळाने आणलेल्या थंड पाण्याने वाफ पुन्हा निववायची. मूळ कल्पना त्याचे गुरू दार्सोन्व्हाल यांची, १८८१ ची. वीज निघाली २२ किलोवॅट. नळ मात्र समुद्राने फार काळ टिकू दिला नाही.

हीच युक्ती चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपातील कवरत्तीला पिण्याच्या पाण्यासाठी वापरली. क्षमता रोज एक लाख लिटर. मिठागरात पाणी हवेला देऊन मीठ ठेवतात. येथे मीठ समुद्राला परत करून पाणी ठेवले. पंपांना वीज लागतेच, आणि बेटावर ती डिझेलची होती, हे कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही.

मग हे मालवणच्या किनाऱ्यावर का नाही? कवरत्तीभोवती समुद्रतळ एकदम खोल जातो, त्यामुळे सुमारे साडेतीनशे मीटर खोलीचे थंड पाणी हाताशी येते. कोकणासमोर उथळ तळ दूरवर पसरलेला आहे. तेवढ्या खोलीसाठी नळ कितीतरी कोस न्यावा लागेल. आमच्या समुद्राचा स्वभाव मिठागराचा आहे.

शिरोड्याचा तंटा विद्येचा नव्हता. मीठ करणे लोकांना येत होतेच. तंटा होता हक्काचा, आणि समुद्रावरच्या नव्या योजना वाचताना आम्ही प्रथम तोच कलम शोधतो. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मीठ होणाऱ्या भागांतील गावकऱ्यांना घरच्या वापरापुरते आणि गावातल्या गावात विकण्यापुरते मीठ करण्याची मुभा मिळाली. गावाबाहेर विकण्याची मिळाली नाही.