जुन्या तुळईचा वाडगा

आपल्या सुतार ज्ञातीचा इतिहास ग्रंथांत थोडा आणि घरांच्या तुळयांत व खांबांत अधिक आहे. भोसल्यांच्या राजवटीत नागपूरच्या महाल भागात उभा राहिलेला राजवाडा कोरीव लाकूडकामासाठी ख्यातनाम होता. १८५३ साली तिसरे रघूजी निवर्तले, १८५४ साली राज्य खालसा झाले आणि १८६४ साली तो वाडा अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडला. राजांची नावे उरली. खांब घडविणाऱ्या कारागिरांची लोकस्मृतीत राहिली नाहीत.

शहरातील इतर जुने वाडेही मोडले जातात आणि त्यांचे सागवान विकावयास येते. कातकामास ते उत्तम. ओल्या लाकडाचा वाडगा वाळताना वाकतो, तडकतो. वर्षानुवर्षे सुकलेला साग आकार धरून राहतो. मात्र आत दडलेला एकच खिळा हत्याराची धार घालवितो. म्हणून सर्व खिळे काढूनच ठोकळा लेथवर चढवावा आणि शेवटी जवसाचे तेल मुरवावे.

तथापि ज्ञातिबांधवांस आमची विनंती निराळीच आहे. तुळईवर कुसाचे भोक असते, वाकसाचे घाव असतात. पूर्वजांची तीच सही होय, आणि कातताना ती नाहीशी होते. यास्तव आधी तिचे माप व चित्र घ्यावे, वाड्याचे नाव व तो मोडल्याचे साल वाडग्याच्या बुडाशी कोरावे. एरवी त्या अनाम हातांचा अखेरचा पुरावा आपल्याच हातून पुसला जाईल.