रत्नागिरी ते ग्रेज इन: कायदेशिक्षणाचे पहिले जागतिकीकरण

१/ परदेशी विद्यापीठातील एलएलएम, आंतरराष्ट्रीय लवाद, अनेक देशांत शाखा असलेल्या वकिली संस्था. कायद्याचे शिक्षण आज जागतिक झाले, असे म्हणताना ही उदाहरणे दिली जातात. रत्नागिरी जिल्ह्याने मात्र हे स्थित्यंतर दीडशे वर्षांपूर्वीच अनुभवले होते. त्या प्रवासाचा हा धागा.

२/ पेशवाईत वारसा, दत्तक, वाटणी यांचे तंटे गोतसभा आणि शास्त्री यांच्यापुढे जात. शास्त्री होणारा विद्यार्थी गुरूपाशी राहून स्मृती आणि त्यांवरील टीका शिके. १८१८ मध्ये पेशवाई संपली. नव्या अदालतींत निवाडा इंग्रज न्यायाधीश देई आणि हिंदू कायद्यावर मत शास्त्री देत.

३/ ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. १८२७ मध्ये नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूख’ या सतराव्या शतकातील ग्रंथाचा बोरोडेलकृत इंग्रजी अनुवाद छापला गेला. असे अनुवाद आणि छापील निकाल हाती येताच शास्त्र्यांची गरज कमी होत गेली. १८६४ मध्ये अदालतींतील त्यांची पदे कायद्यानेच रद्द झाली. धर्मशास्त्र न्यायालयात उरले, पण इंग्रजीतून.

४/ दुसरीकडे नवे शिक्षण उभे राहत होते. १८५५ मध्ये मुंबईत सरकारी विधी महाविद्यालयाची सुरुवात झाली, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये उच्च न्यायालय. सर्वांत वरचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे चाले. तेथे हिंदुस्थानप्रमाणेच सिलोन, आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतील दावेही येत. कोकणातील वाटणीच्या दाव्याचा शेवटचा शब्द असा लंडनमध्ये उच्चारला जाऊ लागला.

५/ या व्यवस्थेत शिरलेल्या पहिल्या पिढीतील एक ठळक नाव विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–१८८९), दापोलीजवळच्या मुरूडचे. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून ते मुंबईतील नामांकित वकील झाले. १८८० मध्ये त्यांनी ‘व्यवहारमयूख’ आणि ‘याज्ञवल्क्यस्मृती’ यांची मूळ संहिता, इंग्रजी अनुवाद आणि दीर्घ परिशिष्टे प्रसिद्ध केली. परक्यांनी केलेल्या अनुवादावर विसंबण्याऐवजी त्यांनी इंग्रजी हे साधन स्वतःच हाती घेतले.

६/ पुढच्या पिढीत रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक १८७९ मध्ये एलएलबी झाले आणि पुढे पुण्यात त्यांनी वकिलीच्या परीक्षांचे वर्ग चालवले. चिपळूणजवळ जन्मलेले पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) आधी रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. नंतर त्यांनी उच्च न्यायालयात वकिली केली आणि मुंबईच्या विधी महाविद्यालयात अध्यापनही केले.

७/ काण्यांच्या हातून प्रवाह उलटा वाहू लागला. त्यांचा ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ हा पाच खंडांचा ग्रंथ १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाला. पृष्ठे सहा हजारांहून अधिक. जगभरातील अभ्यासक धर्मशास्त्रासाठी तो उघडू लागले. १९६३ मध्ये काण्यांना भारतरत्न मिळाले.

८/ येथवरची कथा अभिमानाची आहे, पण अपुरी. मंडलिक, टिळक आणि काणे तिघेही ब्राह्मण होते. संस्कृत त्यांना परंपरेने खुले होते आणि इंग्रजी शाळेचे दारही लवकर उघडले. ज्यांना गावच्या पाठशाळेत पाऊल टाकता येत नव्हते, त्यांचे काय?

९/ भीमराव आंबेडकरांचा जन्म महूचा, पण घराण्याचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परतावे लागले. पुन्हा जाऊन १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. गावात नाकारलेला प्रवेश त्यांनी सातासमुद्रापलीकडे मिळवला.

१०/ १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इलाख्यातील कायदेशिक्षण कसे सुधारावे, यावरही त्यांनी लिहिले. परदेशात मिळवलेली विद्या आता येथील वर्गात पोहोचत होती.

११/ या विद्येचा खरा कस मात्र रत्नागिरीच्या जमिनीवर लागला. कोकणात खोत सरकारसाठी सारा वसूल करी आणि कुळांवर सत्ता गाजवी. १८८० मध्ये खोती कायदा आला. मंडलिक स्वतः खोत घराण्यातले; त्यांनी खोतांच्या हक्कांची बाजू मांडली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने संपली.

१२/ एकाच जिल्ह्याशी नाते असलेले दोन कायदेपंडित, दोघांची शस्त्रे इंग्रजी कायद्याचीच. एकाने ती खोतासाठी वापरली, दुसऱ्याने कुळासाठी. जागतिक शिक्षण माणसाला सामर्थ्य देते. ते कोणाच्या बाजूने खर्च करायचे, हे मात्र कोणतेही विद्यापीठ ठरवून देत नाही.

१३/ आजचे चित्र पाहा. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठापासून पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे नवे पर्व सुरू झाले. २०२३ मध्ये बार कौन्सिलने परदेशी वकिलांना मर्यादित प्रवेश देणारे नियम केले. या विद्यापीठांची ‘क्लॅट’ ही प्रवेशपरीक्षा केवळ इंग्रजीत होते. महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांची भाषा मात्र मराठी आहे.

१४/ म्हणून जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. १९१३ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली नसती, तर आंबडव्याच्या घराण्यातील तो तरुण कोलंबियाला पोहोचू शकला नसता. आज मंडणगडच्या मराठी शाळेतील हुशार मुलीसाठी ते दार किती उघडे आहे? कायदेशिक्षणाच्या जागतिकीकरणाचे मोजमाप लंडन-न्यूयॉर्कच्या पदव्यांच्या संख्येवर करून भागणार नाही. ते या उत्तरावर करावे लागेल.

#इतिहास #रत्नागिरी #कायदा