क्रॉन-सूत्र

क्रॉन-सूत्र : ठरलेले काम संगणकाने केव्हा आपोआप सुरू करावे हे सांगणारी पाच रकान्यांची ओळ. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत क्रॉन ही सेवा होती. पुढे पॉल व्हिक्सी यांची क्रॉनची १९८७ ची आवृत्ती मोठ्या प्रमाणावर रुळली. डावीकडून रकाने असे : मिनिट (०–५९), तास (०–२३), तारीख (१–३१), महिना (१–१२) आणि वार (० रविवार ते ६ शनिवार). तारा म्हणजे ‘प्रत्येक’. स्वल्पविरामाने यादी, जोडरेघेने पल्ला आणि तिरक्या रेघेने टप्पा सांगतात. प्रत्यक्ष सूत्रात अंक इंग्रजीच लिहावे लागतात. या नोंदीत ते देवनागरीत दिले आहेत.

वऱ्हाडात या सूत्राचे उत्तम उदाहरण कृषिसल्ल्याचे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात (स्थापना १९६९) हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचे केंद्र असून या सेवेची पत्रिका दर मंगळवारी व शुक्रवारी निघते. हवामान विभाग दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतो. अमरावती-अकोल्याचे आकडे पावसाळ्यात रोज पावणेनऊला गोळा करायचे असतील, तर सूत्र होते ‘४५ ८ * ६-९ *’. मंगळवार-शुक्रवारी संध्याकाळी पाचला शेतकऱ्यांना संदेश धाडायचा, तर ‘० १७ * * २,५’.

खरी अडचण घड्याळाची आहे. भाड्याने घेतलेले सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. त्यामुळे पावणेनऊचे काम तिथे ‘१५ ३ * ६-९ *’ असे लिहावे लागते. पहाटेच्या कामात तर वारही मागे सरकतो : मंगळवार-शुक्रवारी पहाटे पाचचा संदेश ‘३० २३ * * १,४’ म्हणजे सोमवार-गुरुवारच्या रात्री साडेअकराला लावायचा. कोणी सरळ ‘० ५ * * २,५’ लिहिले, तर संदेश साडेदहाला पोहोचेल. वारा पडलेला असताना सकाळीच कपाशीवर फवारणी उरकू पाहणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणून सूत्र लिहिण्याआधी सर्व्हरची वेळ तपासणे ही पहिली पायरी मानली पाहिजे.

तारीख आणि वार या दोन्ही रकान्यांत अंक असले, तर व्हिक्सी-पद्धतीत दोहोंपैकी एक जुळले तरी काम सुरू होते. ‘० ९ १-७ * २’ हे महिन्याचा पहिला मंगळवार सांगत नाही. ते १ ते ७ तारखांना रोज आणि शिवाय प्रत्येक मंगळवारी चालते. मिनिटाच्या रकान्यातील ‘*/४५’ सुद्धा असेच फसवे आहे : काम दर पाऊण तासाने न होता प्रत्येक तासाच्या ० आणि ४५ व्या मिनिटाला होते. तिथी क्रॉनला कळत नाही. श्रावण अमावास्येच्या पोळ्याची तारीख दरवर्षी पंचांग पाहून हातानेच भरावी लागते.

ठरल्या वेळी संगणक बंद असला, तर चुकलेले काम साधे क्रॉन मागाहून करत नाही. जिथे वीज वारंवार जाते, तिथे रोजच्या कामासाठी अ‍ॅनाक्रॉन वापरावे. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ते राहिलेले काम पूर्ण करते. मात्र त्याचा हिशेब दिवसांचा असतो, तास-मिनिटांचा नाही.