देशमुख, पंजाबराव शामराव

(२७ डिसेंबर १८९८ – १० एप्रिल १९६५). वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या मुलांना उच्चशिक्षणाची वाट मोकळी करून देणारे शिक्षणधुरीण, बॅरिस्टर, पुढे केंद्रीय कृषिमंत्री. ‘भाऊसाहेब’ या नावाने परिचित. जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे.

गावातली शाळा संपली की पुढच्या इयत्तेसाठी गाव बदलायचे, असे त्यांचे शिक्षण झाले: पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा लाड, अमरावतीचे हिंद हायस्कूल आणि मग थेट पुण्याचे फर्ग्युसन, कारण वऱ्हाडात तोवर कॉलेजच नव्हते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज निघाले १९२३ साली. तेव्हा ते विलायतेत होते. तिकडे धाडण्यासाठी वडिलांनी शेती गहाण टाकली होती. डॉक्टरेट व बॅरिस्टरी घेऊन परतल्यावर त्यांनी अमरावतीत आधी काढले ते सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय. खेड्यातला पोरगा फीपेक्षा शहरातल्या राहण्या-जेवणापाशी अडतो, हे त्यांनी नेमके हेरले होते. अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी अमरावतीत झालेल्या १९२७ च्या अंबादेवी मंदिर सत्याग्रहातही ते पुढे होते.

१९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढवला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात शिक्षण व शेती ही खाती त्यांच्याकडे आली. १९३३ चा कर्जलवाद कायदा हे या काळातले मोठे काम. मात्र त्यांची खरी कमाई मंत्रिपदाबाहेरची. १९३२ साली स्थापलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने गावोगाव हायस्कुले काढली, १९४६ मध्ये अमरावतीत महाविद्यालय सुरू केले, पुढे अकोल्यातही. संविधान सभेचे ते सदस्य होते. १९५२ ते १९६२ ते केंद्रात कृषिमंत्री होते; १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला.

त्यांच्या पश्चात कृषी विद्यापीठासाठी विदर्भाला रस्त्यावर यावे लागले. १९६७ च्या आंदोलनात अकोल्यात गोळीबार होऊन माणसे गेली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात विद्यापीठ झाले, त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. अमरावतीच्या महाविद्यालयांना मात्र स्वतःचे विद्यापीठ मिळून नागपूर विद्यापीठाच्या छत्राखालून बाहेर पडायला १ मे १९८३ उजाडावा लागला.

राज्य शासनाने २०१६-१७ पासून सुरू केलेल्या वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेलाही त्यांचेच नाव आहे, आणि ते तिला शोभते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी सुरुवातीचा भत्ता मोठ्या शहरांत वर्षाला ३० हजार रुपये, इतरत्र २० हजार असा ठरला.