किडनी बसवल्यानंतर बुरशीचा संसर्ग : घरच्यांनी काय ओळखावे?

किडनी प्रत्यारोपण झाले, डायलिसिस सुटले, की घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण खरी काळजी इथूनच सुरू होते. शरीराने नवी किडनी परकी समजून नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशा गोळ्या रोज घ्याव्या लागतात. त्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते आणि एरवी आपल्याला काही न करणारी बुरशी रुग्णाला गाठते. पहिल्या सहा महिन्यांत धोका जास्त असतो, पण नंतरही तो पुरता जात नाही.

मुख्य प्रकार व लक्षणे

कॅन्डिडा : जिभेवर पांढरा थर, गिळताना दुखणे. लघवीच्या मार्गातही होतो.

अ‍ॅस्परजिलस : बांधकामाची धूळ, ओल धरलेल्या भिंती यांतून फुफ्फुसात जातो. ताप, खोकला, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त.

म्युकर : २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण पाहिलेली 'काळी बुरशी' ती हीच. साखर वाढलेल्यांना धोका अधिक, आणि प्रत्यारोपणानंतरच्या औषधांनी साखर वाढू शकते. चेहऱ्याची एक बाजू किंवा डोळा सुजणे, नाकातून काळपट स्राव.

क्रिप्टोकोकस : कबुतरांच्या विष्ठेत आढळतो. मेंदूपर्यंत गेला तर दिवसेंदिवस न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपणा.

स्टिरॉइडमुळे ताप दबून राहतो, म्हणून 'अंग जरासंच गरम आहे' म्हणून थांबू नये.

मेडिकलमधून परस्पर गोळी नको

नायटा झाला की आपल्याकडे सर्रास मेडिकलमधून फ्लुकोनाझोल किंवा इट्राकोनाझोलची गोळी आणली जाते. किडनी बसवलेल्या माणसासाठी हे धोक्याचे आहे. या गोळ्यांनी रक्तातले टॅक्रोलिमस वाढते आणि किडनीलाच इजा होते. डॉक्टर ही औषधे देतात तेव्हा टॅक्रोलिमसचा डोस कमी करून रक्ततपासणी करत राहतात. बुरशीचे औषध मधेच बंद केले तर तीच पातळी घसरते आणि शरीर किडनी नाकारू शकते. घाबरून प्रत्यारोपणाच्या गोळ्या स्वतःहून बंद करणे तर त्याहून घातक.

घरात काय करावे

धुळीत मास्क लावावा. कबुतरांची घाण रुग्णाने साफ करू नये. बागकाम करताना हातमोजे घालावेत. भिंतीची ओल वेळीच दुरुस्त करावी, साखर ताब्यात ठेवावी.

आम्ही एवढेच सांगू : कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिले वाक्य 'किडनी बसवलेली आहे' हेच असू द्या, आणि चालू औषधांची यादी कायम खिशात ठेवा.