माणसांनी लावलेले रान

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराजवळ तिरितिरी मातंगी नावाचे २२० हेक्टरांचे एक चिमुकले बेट आहे. शंभराहून अधिक वर्षे तेथे गुरेमेंढरे चरली. रान उजाड झाले, पाखरेही परागंदा झाली.

दुर्मिळ पक्ष्यांच्या बेटावर सहसा माणसाला मज्जाव असतो. येथील योजकांनी मात्र दार उघडे ठेवले. १९८४ पासून शाळकरी मुले, म्हातारीकोतारी अशी हजारो माणसे स्वखुशीने येऊन रोपे लावू लागली. दहा वर्षांत अडीच लाखांवर झाडे लागली. १९९३ मध्ये बी-अंकुर फस्त करणाऱ्या उंदरांचाही नायनाट झाला.

पन्नास वर्षे नामशेष समजला गेलेला आणि १९४८ मध्ये पुन्हा सापडलेला ताकाहे पक्षी आज तेथे पाहुण्यांदेखत चरतो. माणसाच्या हातांनी गेलेले रान माणसाच्याच हातांनी परतले!