बुरशीची वैरण आणि मुलांचे औषध



बुरसटलेली वैरण जनावराला घालू नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. याच वैरणीतून एक औषध निघाले, त्याची ही हकीकत.

१९२० नंतरच्या काही वर्षांत कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापली की रक्त थांबेचना. शोफील्ड नावाच्या कॅनडातील पशुवैद्याने माग काढला. ‘स्वीट क्लोव्हर’ म्हणजे मेथीच्या कुळातला चारा. तो ओला राहून बुरसटला की विषारी होई. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी, मेलेली कालवड आणि कॅनभर न गोठलेले रक्त घेऊन, बर्फाच्या वादळातून कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आला. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली ते विषारी द्रव्य वेगळे काढले. त्याच जातीचे वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून आले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले!

हे घडले कसे? रक्त गोठवणारी काही द्रव्ये यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने बनवते. वॉरफरिन ती मदत अडवते. म्हणजे रक्त पातळ होत नाही, नुसते उशिरा गोठते. सांधेतापाने हृदयाची झडप बिघडून एखाद्या मुलाला धातूची झडप बसवली, की हे औषध जन्मभर लागते. नाहीतर झडपेवर गुठळी धरते, ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो.

मुलांची मात्रा वजनावर ठरते आणि मूल वाढते तशी बदलते. ताप आला, जेवण तुटले, दुसरे औषध सुरू झाले, तरी हिशेब चुकतो. म्हणून वेळोवेळी रक्त तपासावे लागते. पालेभाजी बंद करू नका. रोज साधारण सारखीच द्या. गोळी आपल्या मनाने थांबवू नका, की दुखण्यावर ॲस्पिरिन देऊ नका.

गुरुजी, असे मूल तुमच्या वर्गात असेल तर ते माहीत करून घ्या. खेळताना त्याच्या डोक्याला मार लागला, तर वरून जखम दिसो वा न दिसो, त्याला लगेच दवाखान्यात न्या. मात्रा चुकली की गुरे मारणाऱ्या द्रव्यासारखेच घातक, आणि मात्रा सांभाळली की मुलाचा प्राण राखणारे, असे हे औषध. ती सांभाळणे एकट्या डॉक्टरांचे काम नाही, घराचे आणि शाळेचेही आहे.